किती काढायचं, किती ठेवायचं

तुळशीची लग्नं लागली की सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात कानांची गर्दी सुरू होते. एरवी माझ्याकडे येतात ती भाजलेली माणसं, मोटरसायकलवरून पडून चेहरा फुटलेली पोरं, मळणीयंत्रात हात सापडलेले शेतकरी. जिल्ह्याच्या गावातल्या प्लास्टिक सर्जनचं रोजचं काम हेच. पण लग्नसराई तोंडावर आली की बाया येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडतात. आत झुबे असतात. काय होतंय, हे सांगायची गरजच उरत नाही. एवढं पुन्हा कानात जाईल असं करून द्या, बस.

कानाची पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. वरच्या कानासारखी कूर्चा तिथे नाही. अशा मऊ जागेत बारीक तार आणि तारेला लोंबणारं सोनं. वर्षानुवर्षं ती तार खाली कापत जाते. भोक आधी लांबतं, मग ओघळतं आणि शेवटी खाली उरलेली दोऱ्याएवढी कातडी तुटते. कधी तुटली हे बहुतेकींना सांगता येत नाही. अंघोळ करताना हातात आलं, लुगडं बदलताना अडकलं, नातवाने ओढलं. चोरट्याने हिसडा मारला असेल तर मात्र वार, वेळ, गल्ली सगळं तोंडपाठ असतं. जुन्या बायकांना हे गणित ठाऊक होतं, म्हणून तर झुब्याला वेल असायचा. त्याचं आधीचं काम सोन्याचं वजन केसांवर घ्यायचं, शोभा नंतर. आता वेल जुनाट वाटतो म्हणून गेला आणि मालिकांच्या कृपेने झुबे मात्र पूर्वीपेक्षा मोठे होऊन परत आले. माझा व्यवसाय त्यावर बरा चालतो, तक्रार नाही.

खानापूरकडच्या एक मावशी आल्या होत्या. विटा, खानापूर, आटपाडी हा भाग सोनं-चांदी गाळणाऱ्यांचा. तिथली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. मावशींचे यजमानही दक्षिणेत होते. दोन्ही पाळ्या तुटलेल्या, सहा-सात वर्षं तशाच. मी विचारलं, इतके दिवस का थांबलात? तर म्हणाल्या, "काय नडत हुतं? पर आता धाकल्याचं लगीन हाय. घरात पिढ्यान्पिढ्या सोनं गाळत्यात आन् माझं कान मोकळं. पावणं म्हणत्याल, धंदा बसला ह्यांचा."

शहरातल्या सेमिनारमध्ये 'एस्थेटिक सर्जरी' वर भाषणं ऐकताना मला या मावशी आठवतात. सुंदर दिसायचं म्हणून कुणी पाळी शिवून घेतल्याचं माझ्या पाहण्यात फारसं नाही. घराची पत, सासूने दिलेला दागिना, लेकीच्या सासरचे लोक, असलं काहीतरी त्या टाक्यांत गुंतलेलं असतं.

काम छोटं. जागेवर भूल द्यायची, पाळी फुगून पांढरी पडेपर्यंत थांबायचं. भुलेत मिसळलेलं अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, त्याला वेळ द्यावाच लागतो. मग फाटलेल्या कडा. त्या नुसत्या जवळ आणून टाके घातले तर कधीच जुळणार नाहीत, कारण भोकाच्या आतून कातडी आलेली असते आणि कातडीला कातडी चिकटत नाही. ती कड सोलून तिथे ताजी जखम करावी लागते. नव्या सर्जनचा हात इथेच सैल सुटतो. कड स्वच्छ, सरळ दिसावी म्हणून तो थोडं जास्त काढतो, आणि पाळी जुळते खरी, पण आखूड होऊन बसते. मी मिलिमीटरभर सोलते, कधी त्याहून कमी. खालच्या कडेला सरळ रेषेत शिवलं तर व्रण आखडून खाच पडते, म्हणून तिथे झेड आकाराचा तिरका छेद देते. मग केसाएवढ्या बारीक नायलॉनने पुढून आणि मागून टाके.

एक गोष्ट पुस्तकात नसते. कानाशी कात्री चालते तेव्हा तिचा आवाज पेशंटला केवढा तरी मोठा ऐकू येतो. दुखत काहीच नाही, पण कर्र कर्र ऐकून माणूस घाबरतो. म्हणून आधी सांगून ठेवते आणि बोलतं ठेवते. मावशींना बोलतं ठेवायची गरज नव्हती. त्यांनी सुनेच्या माहेरापासून मांडवाच्या भाड्यापर्यंत सगळं सांगितलं, मधेच विचारलं, "भोक कवा पाडायचं?"

"टाके आठवड्यात काढू. भोक तीन महिन्यांनी. तेही व्रणावर नाही, शेजारी."

"लगीन तर माघात हाय."

मग हिशेब. व्रणाला ताकद सावकाश येते. तीन आठवड्यांनी वरून सगळं भरलेलं दिसतं तेव्हा ती मूळ कातडीच्या जेमतेम पावपट असते, आणि कितीही वर्षं गेली तरी ८० टक्क्यांच्या वर जात नाही. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी झुबे हातात घेतले, तोलले आणि परत पुरचुंडी बांधली. शेवटी त्यांच्या सराफाने तोड काढली: झुब्याला कानामागून अडकवायची तार लावून दिली, म्हणजे भार पाळीवर न येता कानाच्या मुळावर आला. लग्नातला फोटो त्यांनी आणून दाखवला. झुबे दिमाखात होते आणि टाके कुठे आहेत ते मलाही शोधावं लागलं.

बसस्टँडच्या आसपास, आठवडी बाजारात, काही पार्लरच्या दारावर पाटी दिसते: 'फाटलेले कान विनाऑपरेशन जोडून मिळतील.' जादू वगैरे काही नाही. भोकाच्या आत तीव्र आम्ल लावून तिथली कातडी जाळायची आणि मग वरून पट्टीने दाबून धरायचं. आम्लानेही तेच साधायचं असतं जे मी पात्याने साधते, कड उघडी करायची. लहान भोकाला जाणत्या डॉक्टरच्या हातून हा उपाय होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण पातं कुठे थांबवायचं ते माझ्या हातात असतं. आम्ल पाटीवाल्याचं ऐकत नाही. अर्धी पाळी जळून गेलेली मुलगी समोर येते तेव्हा जोडायला दोन कडाच नसतात. तिथे शेजारची कातडी फिरवून नवी पाळी घडवावी लागते, आणि ती कितीही नेटकी झाली तरी मूळ पाळीची सर येत नाही.

नवी पाळी घडवण्याची ही विद्या मात्र आपलीच. पुण्याजवळच्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून उभं केलं, ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्ये छापून आली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कानाचं तितकं माहीत नसतं. सुश्रुताच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचणं आणि तुटलेला कान जोडणं यांवरच आहे. पाळी कशी तुटली, कुठली बाजू लांब उरली, यावरून जोडण्याच्या पंधरा रीती त्याने नावानिशी दिल्या आहेत. पाळीच नसेल तर गालाचं मांस एका बाजूने जोडलेलं ठेवून वळवायचं, हेही त्यात आहे. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते साधंसं वाक्य आहे: मध-तूप लावून, कापूस गुंडाळून दोरा बांधायचा तो फार घट्टही नको आणि फार सैलही नको. नंतरची पथ्यंही दिली आहेत. धक्का लागू देऊ नये, दिवसा झोपू नये, अति जेवू नये, बोलण्याचे श्रम करू नयेत. हे शेवटचं पथ्य मी मावशींना सांगून पाहिलं. त्या नुसत्या हसल्या.

कानाचं दुसरं दुखणं तरुणांचं. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण आपण भलत्याच अर्थाने वापरतो, पण शब्दशः घेतली तरी ती शहाणपणाची आहे. बारशाला सोनार टोचायचा ती पाळी. आता जत्रेत, मॉलमध्ये बंदूक लावून कानाच्या वरच्या कूर्चेत दोन-तीन भोकं पाडतात. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, भोवतीच्या आवरणावर ती जगते. तिथे जंतू शिरले तर कान लालभडक सुजतो आणि वेळेत औषध गेलं नाही तर कूर्चा विरघळून आक्रसतो. लग्नात फेट्याखाली भिकबाळी शोभावी म्हणून आठवडाभर आधी कान टोचून घेणारे नवरदेव मी पाहिले आहेत. शोभते, वाद नाही. पण चापाची मिळते. तीच घ्या.

दुसरं म्हणजे केलॉइड. टोचल्या जागी व्रण वाढत जाऊन सुपारीएवढी घट्ट गाठ होते. लोक म्हणतात, कापून टाका. नुसती कापली तर ती बहुधा परत येते आणि येताना मोठी होऊन येते. कापल्यावर महिनोन् महिने स्टेरॉइडची इंजेक्शनं, दाब देणारं चापाचं कानातलं, असं सगळं चिकाटीने करायची तयारी असेल तरच मी पातं उचलते. 'फक्त कापा, बाकीचं बघू' म्हणणाऱ्याला परत पाठवते. तो दुसरीकडे जाऊन कापून घेतो, हेही मला माहीत असतं.

सुपासारख्या कानांचं प्रकरण वेगळं. गणपतीला शूर्पकर्ण म्हणून आपण हात जोडतो आणि तसेच कान वर्गातल्या पोराला असले की त्याला नावं ठेवतो. अशा कानात वरची घडी पडलेली नसते, म्हणून कान सपाट होऊन पुढे येतो. ती घडी टाक्यांनी पाडायची पद्धत स्कॉटलंडमधले सर्जन मस्टार्डे यांनी १९६३ मध्ये मांडली. कूर्चा न कापता मागून काही भक्कम टाके घालून ती वाकवायची. मला ही पद्धत पटते ती एवढ्याचसाठी, की यात काढायचं जवळजवळ काहीच नसतं. वय पाच-सहा झालं की कान मोठ्या माणसाच्या कानाच्या जवळपास पोहोचलेला असतो, तेव्हापासून हे करता येतं. तान्ह्या बाळात तर पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा इतकी मऊ असते की साचा लावून कान वळवता येतो. हे बाळंतिणीच्या खोलीत कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

एक आईवडील सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. आईने सगळं वाचून आणलं होतं. मी मुलाला विचारलं, तुला कान आवडत नाहीत का? त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मला हलवता येतात." आणि खरंच हलवून दाखवले. वर्गातल्या दुसऱ्या कुणालाच येत नव्हते. मी वडिलांना म्हटलं, याला घेऊन जा. तो स्वतः म्हणेल तेव्हा या. शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दीड आठवडा डोक्याला पट्टी, मग कित्येक आठवडे रात्री झोपताना बँड, हे ज्याला सोसायचं त्याची त्यात मर्जी नको? अजून तरी तो आलेला नाही.

पापणी हा कानाहून अवघड मामला. अंगावरची सगळ्यात पातळ कातडी इथली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जेमतेम अर्धा मिलिमीटर. आणि तिच्यामागे डोळा.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आले होते. पेपर वाचताना एका बोटाने पापणी वर धरायचे. बायकोची तक्रार निराळी: "मी बोलते तेव्हा हे झोपलेत असं वाटतं." कपाळावर आठ्यांचे पाट. असा माणूस दिवसभर कपाळाच्या स्नायूने भुवया उचलून धरत असतो, त्यामुळे संध्याकाळी डोकं दुखतं. मी अंगठ्याने भुवया दाबून धरल्या आणि समोर बघायला सांगितलं. कातडीची झालर बुबुळावर आली. आधी पापणी आहे तशी ठेवून आणि मग चिकटपट्टीने वर धरून दृष्टिक्षेत्राची तपासणी केली. वरच्या बाजूचा पट्टा परत आलेला कागदावर दिसला. असा कागद नसला तर विमा कंपनी कॉस्मेटिक म्हणून हात झटकते.

आता कागदाचा विषय निघालाच आहे तर. जीएसटीत आरोग्यसेवेला सूट आहे, पण सौंदर्यशस्त्रक्रिया त्यातून वगळली आहे. जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा इजा यामुळे बिघडलेलं पूर्ववत करायचं असेल तर पुन्हा सूट. म्हणजे चोराने झुबा ओढून पाळी फाटली तर ती इजा. आणि झुब्यानेच तीस वर्षं ओढून फाटली तर? हा प्रश्न मी आमच्या सीएंना विचारला. त्यांनी चहा मागवला.

तर चालककाका. पापणीची खूण पेशंटला बसवून करायची. आडवं केलं की कातडी मागे ओघळते आणि हिशेब चुकतो. बारीक चिमट्याने जादा कातडीची चुणी धरायची, डोळा मिटायला सांगायचा. चुणी धरलेली असताना पापणीचे केस जरासे वर वळायला लागले की थांबायचं. आणि मग पट्टीने मोजायचं: भुवईच्या खालच्या कडेपासून केसांपर्यंत किमान २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली पाहिजे. मी शिकत होते तेव्हा आमचे सर म्हणायचे, काढलेलं मला दाखवू नकोस, ठेवलेलं मोजून दाखव. आत गेल्यावर चरबीचंही तसंच. आतल्या कोपऱ्यातली पांढुरकी, मधली पिवळी. बाहेरच्या कोपऱ्याला गुलाबीसर काही फुगलेलं दिसलं तर हात मागे घ्यायचा, ती चरबी नसून अश्रूंची ग्रंथी असते. चरबी सगळी ओरबाडून काढली तर दोन-चार वर्षांत डोळे खोल जातात आणि माणूस आजारी दिसायला लागतो.

काकांचे टाके सहाव्या दिवशी काढले. आरशात बघायच्या आधी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि समोरच्या इमारतीवरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचून काढल्या.

याच्या उलट टोकाची एक बाई माझ्या लक्षात आहे. डोळ्यांखालच्या पिशव्या काढायला दुसऱ्या एका शहरात गेली होती. कुठे, ते सांगत नाही. खालच्या पापणीची कातडी इतकी काढली होती की पापणी खाली ओढली जाऊन बाहेर वळली होती. पांढरं बुबुळाखाली दिसायचं, सारखं पाणी गळायचं आणि झोपेत डोळा मिटत नव्हता. रात्री मलम घालून, वर पट्टी लावून झोपायची. खालच्या पापणीत कमी पडलेली कातडी कुठून आणायची? कानामागून. तिथली कातडी रंगाने आणि पोताने पापणीच्या त्यातल्या त्यात जवळची, आणि घेतलेली जागा दिसतही नाही. मी तिथून नखाएवढा तुकडा घेऊन पापणीत बसवला. डोळा मिटायला लागला. पण उजेडात नीट पाहिलं तर त्या तुकड्याची छटा अजूनही वेगळी दिसते. तिला विचारलं, पहिल्या वेळी किती काढणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं का? ती म्हणाली, पॅकेज सांगितलं होतं.

जितकी ऑपरेशनं करते त्याहून जास्त पापण्या मी परत पाठवते. डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं पातं लावून जात नाहीत, तरी बघण्याचा कार्यक्रम ठरला की मुली त्यासाठी येतात. नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळे चट्टे आले असतील तर आधी रक्तातली चरबी तपासायला सांगते. ती वाढलेली निघाली तर चट्टे काढण्यापेक्षा फिजिशियनकडे जाणं मोलाचं. एक शिक्षिका आल्या, एक पापणी खाली येते म्हणून. सकाळी हजेरी घेताना डोळा ठीक, संध्याकाळी वह्या तपासताना अर्धा मिटलेला. पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला तर ती उचलली गेली. ही कातडीची गोष्टच नव्हती, स्नायूंना थकवणाऱ्या आजाराची होती. त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, गोळ्यांनी पापणी जागेवर आली. तिथे पापणी कापली असती तर वरून छान दिसली असती आणि आजार आत तसाच राहिला असता.

पापणीची शस्त्रक्रिया करून घ्यायची असेल तर माझं एवढं ऐका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आणि त्या आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारून ठरवा. किती कातडी काढणार हे विचाराच, पण किती ठेवणार हेही विचारा. आणि घरी जायच्या आधी एक फोन नंबर मागून घ्या. पहिल्या रात्री एका डोळ्यात अचानक ठणका सुरू झाला, डोळा पुढे ढकलल्यासारखा वाटला किंवा दिसायला कमी झालं, तर मागे रक्त साचत असू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर काही तासांत नजर जाऊ शकते. तेव्हा रात्री दोन वाजताही तो फोन कुणीतरी उचलला पाहिजे. उचलणारं कुणी नसेल तर तिथे ऑपरेशन करून घेऊ नका.